उष्टं डांबर

मी जे सांगणार आहे ते कुणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. परभणीच्या स्टेशनापासून जिंतूरच्या वेशीपर्यंत माझ्याएवढा खोटारडा जन्माला आला नाही असं लोक म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही. उलट एखाद्यानं माझी गोष्ट निमूट खरी मानली की माझा दिवस वाईट जातो. लढाईच्या साली उन्हाळा असा तापला की दुपारी बायांच्या सावल्या डांबराला चिकटून बसायच्या आणि दिवस कलल्यावर त्या उपटून घेऊन घरी जावं लागायचं, हे मीच सांगितलं. रस्ता ओलांडताना एक धामण मधोमध चिकटली, दोन गड्यांनी दोन्हीकडून ओढून सोडवली तेव्हा ती दोन हात लांब झाली होती, हेही माझंच. लोक हसतात. हसले की मी पुढं सरकतो. पण जिंतूरच्या रस्त्याला, सहाव्या मैलाच्या दगडाला लागून, चाळीस हात लांबीचा एक तुकडा आहे. त्याची गोष्ट मी पाच वर्षांत जिनिंगच्या फाटकावर बसून हजार वेळा सांगितली, आणि त्या पाच वर्षांत त्या तुकड्यावर एकदाही पाय ठेवला नाही.

त्या दिवशी ठेवावा लागला, म्हणजे पाय नाही, टांग्याचं चाक. झरीला भाचीच्या घरी बारसं होतं, निरोपावर निरोप आले होते, आणि सुग्रीवच्या टांग्यात मागची एक जागा मोकळी होती. पुढं सुग्रीव, मागं मी आणि माझ्या शेजारी कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेली एक म्हातारी, मांडीवर पानांची टोपली. शहर सुटलं तसा रस्त्यानं मार द्यायला सुरुवात केली. मार म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. खड्डा आला की पाठीचा मणका न् मणका एकमेकांवर आपटायचा, दात दातांवर बसायचे, म्हातारीची टोपली माझ्या बरगडीत शिरायची, आणि सुग्रीव घोड्याला चाबूक हाणून म्हणायचा, ''हा सरकारी रस्ता हाय, मामा. सोसा.'' मला बरं वाटत होतं. माराची सवय होते. पुढचा दणका कधी येणार हे अंगाला कळायला लागतं आणि अंग त्याची वाट पाहतं. एक मैल, दोन, पाच. आणि मग एकाएकी दणका आलाच नाही. चाकांचा आवाज गेला. घोड्याच्या टापा तेवढ्या, पाटावर कुणी लाटणं आपटावं तशा. टांगा तेल लावल्यासारखा घसरत निघाला. दणका खायला आवळून धरलेलं अंग तसंच आवळलेलं राहिलं. चाळीस हात म्हणजे किती, मोजायला घेतलं तर दोन-तीन श्वास. मी एकही घेतला नाही.

''हाच न्हवं का मामा तुमचा तुकडा?'' सुग्रीवनं मान वळवून विचारलं. ''सांगा की आक्काला. आक्का, ह्यो मामा पैला तामीरातच्या कामावर मुकादम व्हता. सरकारचे रस्ते ह्येच करायचे. अन् सगळा रस्ता फुटलाय, ह्यो एवढाच फुटंना, त्याची लय भारी गोष्ट हाय यांच्याकडं. दर टायमाला येगळी.''

''सांगा,'' म्हातारी म्हणाली. ''वाट तरी सरंल.''

मी सांगायला लागलो. सांगणं म्हणजे माझ्या तोंडाचं काम. ते आपोआप चालतं, जसं भट्टीवर झारा आपोआप फिरायचा, मन कुठं का असेना. लढाई चालू होती, मी म्हणालो, आणि डांबराची नवी पिंपं यायची बंद झाली. तामीरातनं हुकूम काढला की स्टेशनापाशी नऊ-दहा वर्षांपूर्वी अंथरलेलं डांबर उकरा, फोडा, वितळवा, चार भाग जुन्यात एक भाग नवं घाला आणि जिंतूरच्या रस्त्याला लावा, कारण सुभेदारसाहेबांची मोटार दौऱ्यावर निघणार आहे. आमच्यातली दैवशाला, घमेली वाहायची, ती हसून म्हणाली होती, आता सरकार बी उष्टं खायलंय. तेव्हापासून त्याचं नावच पडलं, उष्टं डांबर. ते काय असतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. जुनं डांबर म्हाताऱ्या माणसासारखं असतं, आक्का, त्यातला ओलावा गेलेला असतो, टिकाव घातला की ते रडत नाही, तुकडा पडतो. त्याला आच दिली की आधी वास येतो, दहा वर्षं त्यावरून जे जे गेलं त्या सगळ्याचा, शेणाचा, घोड्याच्या मुताचा, चपलांच्या कातड्याचा. मग ते सुटतं आणि त्याच्या पोटातली गिट्टी खाली बसते. आच जास्त झाली तर जळतं, आणि जळलेलं डांबर पहिल्याच थंडीत तडकतं. कमी झाली तर गिट्टीला धरत नाही. मोठा साहेब म्हणायचा, हे उष्टं दोन पावसाळे टिकलं तरी नशीब.

''आन् टिकलं पाच,'' सुग्रीव म्हणाला.

''पाच. तुझा घोडा मरंल, तुझं चाक मोडंल, ह्यो तुकडा न्हाई मोडणार. कारण त्याच्या पोटात लिंग हाय.''

म्हातारीनं टोपली मांडीवर नीट बसवली. ''कुणाचं?''

''व्हता एक आमच्यात. तुमच्यातलाच. पालमकडचा कुणीतरी. नाव आता आठवत न्हाई, आक्का.''

चन्नप्पा. बोरीचा चन्नप्पा. नाव आठवत नाही म्हणताना ते माझ्या जिभेखाली येऊन बसलं, कोमट आणि गुळगुळीत. त्याचे दोन्ही बैल एकाच आठवड्यात रोगानं पडले म्हणून तो कामावर आला होता आणि गुत्तेदार व्यंकटरावानं त्याला माझ्या भट्टीवर दिला होता. हाडापेरानं मोठा, बोलायला कमी. गळ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं लिंग. दुपारी सगळे भाकरी सोडायचे तेव्हा हा हात धुऊन बाजूला बसायचा, फडकं सोडायचा, ते सुपारीएवढं काळंभोर लिंग डाव्या तळहातावर ठेवायचा आणि त्याच्याकडं बघत राहायचा. त्या वेळात त्याला हाक मारली तर ऐकू यायची नाही. ते झाल्याशिवाय घोटभर पाणी घ्यायचा नाही. मला त्याचा राग यायचा. का यायचा हे पाच वर्षं शोधतो आहे. मी मुकादम होतो, सगळे माझ्याकडं बघायचे, माझ्या गोष्टींना हसायचे, आणि हा आपला तळहाताकडं बघायचा. सुपारीएवढ्या दगडात असं काय होतं जे माझ्या तोंडात नव्हतं? एवढ्यावरून माणसाचा राग येतो. येतो हे मी पाहिलेलं आहे.

त्या दुपारीही तो तसाच बसला होता आणि भट्टीची लाकडं ओढायची राहिली. मी दैवशालाला धामणीची गोष्ट सांगत होतो. राहिली ती माझ्यामुळं का त्याच्यामुळं, हे त्या वेळी विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं जे व्यंकटरावाला सांगितलं, की चन्नप्पामुळं. कढईला फेस आला, दुधाला येतो तसा, फक्त काळा. काठावरून उतरला, जाळात पडला आणि सगळी कढई पेटली. मातीची घमेली ओतून विझवली. पण उतू गेलेला एक ओघळ दैवशालाच्या पायावर आला होता आणि तिनं तो हातानं पुसायला घेतला. पुसू नको म्हणून मी ओरडेपर्यंत तिनं पुसलं होतं. पायाचं कातडं मोज्यासारखं निघून तिच्या तळव्याला चिकटलं, आणि ती ओरडली नाही, नुसती तळव्याकडं पाहत राहिली, चन्नप्पा पाहायचा तशी.

टांग्यात मी सांगितलं की व्यंकटरावानं माझ्यावर कोरडा उगारला, तिसरा फटका मी हवेतच पकडला आणि त्याला असा ओढला की गुत्तेदार घोड्यावरून थेट चुन्याच्या ढिगात. सुग्रीव हसला. म्हातारीही ओठांत हसली. अकरा फटके होते. मी मोजले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चौथ्याला सदरा फाटला, सातव्याला मी त्याचे पाय धरले, नवव्याला मला माझाच आवाज ऐकू आला, बाईसारखा, आणि कुणीतरी हसलं. कोण हसलं ते अजून कळलेलं नाही. मी उठलो तेव्हा समोर चन्नप्पा उभा होता, गळ्यातलं फडकं नीट करत, आणि त्याच्या तोंडावर कीव होती. मारलं असतं तर चाललं असतं. मी त्याच्या गळ्याला हात घातला. गळाच धरायचा होता, पण मुठीत फडकं आलं, आणि मी ते फडकं पिळलं, पिळत त्याला कढईपर्यंत ओढत नेलं, आणि म्हणालो, बघ की आता, लय बघतोस न्हवं, बघ. त्याची जीभ बाहेर आली. दोरा तुटला. माझी मूठ एकदम हलकी झाली आणि तो सुपारीएवढा आवाज झाला. कढईतल्या डांबरात दगड पडला तर मोठा आवाज होत नाही. लहान मूल झोपेत ओठ वाजवतं, तसा.

''दोरा झिजला व्हता,'' मी म्हणालो. ''वाकून ढवळताना आपोआप तुटला अन् लिंग कढईत.''

''आपोआप,'' म्हातारी म्हणाली.

''आपोआप. मग आम्ही झाऱ्यानं शोधलं, आक्का, लय शोधलं.''

शोधलं हे खरं. पण कढईत अर्धी गिट्टीच होती. झारा भरून वर काढला की शंभर काळे खडे, गुळगुळीत, चकचकीत, प्रत्येक सुपारीएवढा, प्रत्येकावर डांबराचा लेप. चन्नप्पाच्या लिंगावर मूळचाच काळा लेप होता. झाऱ्यात शंभर लिंगं. तो उकळत्या खड्यांत बोटं घालायला लागला तेव्हा दोघांनी त्याला मागून धरला. तेवढ्यात व्यंकटराव ओरडला की रस्ता दाबायचं इंजन उभं आहे, डांबर निवतंय, अंथरा. आणि अंथरलं. घमेली भरभरून चाळीस हात. चन्नप्पा इंजनासमोर आडवा झाला, गरम डांबरावर पालथा, दोन्ही हात पसरून, जणू सगळं छातीखाली घेणार होता. त्याला पाय धरून ओढून काढला तेव्हा छातीचे केस आणि केसांखालचं बरंच काही तिथंच राहिलं. इंजन त्यावरून गेलं, परत आलं, परत गेलं. इंजनाच्या चाकाखाली गिट्टी दबते तेव्हा दातांत खडा आल्यासारखा आवाज येतो. मी कानांवर हात ठेवले नाहीत. मुकादमानं ठेवायचे नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर तो पहार घेऊन रस्ता फोडत होता. सरकारी रस्ता, कालचा, साहेबाच्या मोटारीसाठी केलेला. व्यंकटराव घोड्यावरूनच कोरडा चालवत होता आणि हा पहार चालवत होता, दोघांची लय एक झाली होती, एक फटका, एक घाव. एवढ्या शांतपणानं चाललेली मारहाण मी पाहिली नव्हती. तेव्हा मी तोंड उघडलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं मी त्या सकाळी बोललो, आणि ते कुणी कधी खोटं म्हटलं नाही. मी म्हणालो, मालक, त्याला फोडू द्या. काल डांबर जळलं होतं, जळलेलं अंथरलंय, साहेबाची मोटार गेली की तुकड्याचे पापड होतील. हे उकरून पुन्हा वितळवू, थोडं नवं घालू. दोनदा वितळलेलं दुप्पट टिकतं. विलायतेत मुद्दाम असंच करतात. व्यंकटरावानं माझ्याकडं पाहिलं. त्याला विलायत ठाऊक नव्हती, मलाही नव्हती. साहेब चौथ्या दिवशी येणार होता. त्यानं तीन दिवस दिले.

''अन् तीन दिवस त्यो बिगर पाण्याचा?'' सुग्रीवनं विचारलं. ही जागा त्याला पाठ होती. इथं त्याला विचारायला आवडायचं.

''बिगर पाण्याचा. लिंग गळ्यात न्हाई तर पाणी न्हाई. त्यांच्यात तसंच असतं. का आक्का?''

''असतं,'' म्हातारी म्हणाली. ''पण गेलेलं लिंग घावलं न्हाई तर स्वामीकडून दुसरं घेता येतं. त्याला कुणी सांगितलं न्हाई?''

''मी सांगितलं. म्हणलं, बोरीला स्वामी हाय—'' मी थांबलो. पालमकडचा माणूस म्हटलं होतं. ''म्हणलं, कुठलाबी स्वामी बोलावतो, दुसरं घे. तर म्हणला, माझं लोकाच्या पायाखाली हाय तवर दुसरं कसं घेऊ.''

हे शब्द त्याचेच होते. मी त्यात काहीही घातलेलं नाही. स्वामीला बोलवायला मी कुणाला पाठवलं नाही, एवढंच. बोरी तिथून सहा कोस. सकाळी गेलेला माणूस दिवस बुडायच्या आत स्वामीला घेऊन आला असता. पण बोरीहून स्वामी आला असता, त्याच्या मागं भाऊबंद आले असते, आणि पहिला प्रश्न विचारला असता, दोरा कसा तुटला. चन्नप्पानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं सांगेल, आत्ता सांगेल, व्यंकटरावाला सांगेल, दैवशालाला सांगेल. तो सांगत नव्हता. त्याच्या न सांगण्याचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा, इंजन बंद असलं तरी.

ढेकळं कढईत जायची, वितळायची, मी झाऱ्यानं गिट्टी वर काढून त्याच्यासमोर पत्र्यावर ओतायचो आणि तो एकेक खडा उचलायचा. करडीच्या तेलाच्या चिंधीनं पुसायचा, राखेनं घासायचा, पाण्यात बुचकळायचा, वर धरून बघायचा. दगड. बाजूला. पुढचा. तेल दैवशालानं दिलं, पायाला लावायचं होतं तिचं. पहिल्या दिवशी त्याच्या उजव्या हाताला हजार खड्यांची रास झाली, इतकी स्वच्छ की उन्हात बघवत नव्हती. आणि त्याचे हात दिवसभर पाण्यात. कोपरापर्यंत ओले हात, बोटांवरून थेंब गळतायत, आणि वर तोंडावर ओठ असे फुटलेले की काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात तसे. एकदा एक थेंब उडून त्याच्या ओठावर बसला. त्यानं तो दंडानं पुसला. मी तेव्हा वळून लाकडं सारखी करायला लागलो, कारण मला त्याला पुन्हा मारावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दुपारी मारलं. हे मी कुणाला सांगत नाही. टांग्यातही मी तेव्हा सांगत होतो की ऊन एवढं होतं की पाणी घागरीत वर वर चढून आपोआप उडून जायचं आणि आम्ही ढगाला दगड मारून ते परत मागून घ्यायचो. तोंड ते सांगत होतं आणि मी त्याच्या छातीवर बसलो होतो. त्याच्या भाजलेल्या छातीवर, दोन्ही गुडघे रोवून. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातानं त्याचं नाक दाबलेलं. पी, मी म्हणत होतो, पी भाड्या, मला मारायला निघालास, पी. त्यानं दात आवळले. पाणी गालांवरून कानांत, कानांतून मातीत. मी तांब्याच्या काठानं त्याच्या दातांवर हाणलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पुढचा दात तुटला आणि तोंड रक्तानं भरलं. मला वाटलं आता तरी गिळेल. रक्त तरी गिळेल. त्यानं मान वळवून ते मातीत सोडलं आणि माझ्याकडं पाहिलं. कीव तीच. तेव्हा मला कळलं की याला मारून टाकणं मला जमेल, पण पाणी पाजणं जमणार नाही. मी उठलो. त्यालाही हात देऊन उठवला. आम्ही दोघं पुन्हा कामाला बसलो, घरात दोन भाऊ भांडून बसतात तसे. दैवशालानं सगळं पाहिलं होतं. ती मला म्हणाली, ''लिंबाजी, तुझ्या हातानं शिजलेलं डांबर लय टिकंल बग.'' शिव्याशाप कसे द्यायचे हे तिला चांगलं येत होतं.

टिकलं. का टिकलं ते मला कुणी विचारत नाही, सगळ्यांना लिंगाची गोष्ट हवी असते. मुकादमाला विचाराल तर मुकादम सांगेल की गिट्टीवर धूळ असली की डांबर तिला धरत नाही, धुळीला धरतं, आणि पहिल्या पावसात धुळीसकट सुटतं. कुठल्याही रस्त्याची गिट्टी कुणी धूत नाही. या चाळीस हातांतली प्रत्येक गिट्टी धुतलेली आहे. घासून, पुसून, उन्हाला धरून, डोळ्यांनी तपासून. मग ती परत कढईत गेली आणि पुन्हा अंथरली गेली. असा रस्ता निजामाच्या मुलखात दुसरा नाही, विलायतेतही नसेल. एवढ्या तहानेनं कुठं कुणी रस्ता केला असेल? हे मी लोकांना सांगत नाही. हे सांगितलं तर त्यांना खरं वाटेल.

''मग सातव्यांदा वितळवलं,'' मी म्हणालो.

''मघाशी दोनदा म्हणलात,'' सुग्रीव म्हणाला.

''सात. तू व्हतास का तिथं?''

''न्हाई बा. सात तर सात.''

''घावलं का?'' म्हातारीनं विचारलं. ती आता टोपली सोडून माझ्याकडं वळून बसली होती. ''शेवटच्या दिशी. घावलं का ते लिंग?''

तिसरा दिवस. इथं आलो की माझं मन आणि माझं तोंड एका वाटेनं चालतात. इतक्या वेळा सांगितलं आहे की दुसरी वाट असली तर ती गवतानं बुजली असेल. उन्हं डोक्यावर होती. शेवटची कढई. पत्र्यावर शेवटचे खडे. चन्नप्पा बसून नव्हता, कुशीवर पडून होता, एका हातानं खडे धुवायचा प्रयत्न करत होता आणि खडा बोटांतून निसटत होता. त्याचा आवाज कालच गेला होता. डोळे आत गेले होते, पण फिरत होते, खड्यावरून खड्यावर. व्यंकटराव म्हणाला, आता बास, अंथरा. आणि मी कढईत झारा घातला, अगदी तळाशी.

''अन् काय सांगू आक्का,'' मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला, कारण ही जागा चढ्या आवाजाची आहे, ''झारा जड झाला. दोन माणसांनी उचलावा असा जड. वर काढतो तर इतर खडे काळे, अन् मधे एक निखाऱ्यागत लाल. डांबर त्याला शिवलेलं न्हाई. झाऱ्यातून उडी मारली त्यानं, अन् थेट त्याच्या डाव्या तळहातावर. तिथं ते गार झालं, काळं झालं. त्यानं डोळे भरून बघितलं. तासभर बघितलं. मग मी तांब्या दिला. प्याला. दोन तांबे प्याला, मी मोजले. घटाघटा, ह्यो गळा असा वरखाली. मग उठला, मला मिठी मारली, अन् घरला चालत गेला. जाताना म्हणला, लिंबाजी, माझ्या लिंगाचा लेप तुझ्या डांबरात ऱ्हायला, आता ह्यो तुकडा फुटायचा न्हाई.''

सुग्रीवनं जिभेनं घोड्याला इशारा दिला. तुकडा केव्हाच मागं पडला होता, टांगा पुन्हा दणके खात होता, आणि माझं आवळलेलं अंग एकेक दणक्यानं सुटत चाललं होतं. नेहमी इथं माणसं हसतात नाहीतर हात जोडतात. म्हातारीनं दोन्ही केलं नाही.

''खोटं,'' ती म्हणाली.

''आक्का, मामाची गोष्ट हाय, तिला खोटं म्हणायचं नसतं,'' सुग्रीव म्हणाला.

''बाकीचं असू दे. सात येळा बी असू दे. पाणी न्हाई प्याला त्यो.'' तिचा आवाज मोठा नव्हता. ''पालमचा न्हाई, बोरीचा. चन्नप्पा. माझा धाकटा दीर. चालत न्हाई आला, तुमच्या गाडीवानानं गाडीत घालून आणला अन् आमच्या दारात उतरवला. मातीत बसवायच्या आदी त्याचं तोंड म्या धुतलं. गौराबाई, त्याची बायकू, तिच्यानं हात लावंना म्हणून म्या. पुढचा दात न्हवता. जीभ वाळल्या चामड्यावानी. अन् गालात एक खडा व्हता, डांबराचा. मला वाटलं लिंगच हाय, म्हणून म्या राखंनं घासला. चांगला घासला. आतून गिट्टी निघाली, कोपरा असलेली. कुणीतरी लिंग म्हणून हातावर दिली असंल त्याच्या. आपलं न्हाई म्हणून त्यानं वळखली असंल.'' ती माझ्याकडं बघत राहिली. ''दोन तांबे पाणी प्यालेला माणूस खडा चघळत न्हाई, लिंबाजी.''